पायथनच्या स्टँडर्ड लायब्ररीत फाइल उघडीच राहते: पॅच पाठवलाय, मदत हवी

रामबागकर
मंडळी, इथे कोणी पायथनच्या स्टँडर्ड लायब्ररीत (पायथनसोबतच येणारी तयार मॉड्यूल्स) पॅच, म्हणजे कोडची दुरुस्ती, पाठवलाय का? पायथन वापरून केलेलं काम नाही म्हणत, पायथनमध्येच. झालं असं की ओळखीतल्या एका वाचनालयाला सभासद यादीची स्क्रिप्ट लिहून देत होतो, त्यांच्याकडे विंडोज, माझ्याकडे लिनक्स. त्यात लायब्ररीतलं एक मॉड्यूल वापरलं (नाव आत्ता टाकत नाही, पॅच रिव्ह्यूत आहे, तिकडे उगाच गर्दी नको). त्याला फाइलचं नाव दिलं की कन्स्ट्रक्टरमध्येच, म्हणजे ऑब्जेक्ट बनतानाच, फाइल उघडतं आणि सुरुवातीचा भाग वाचून घेतं. वाचताना काही बिघडलं तर एक्सेप्शन (एरर) फेकतं, इथवर ठीक. पण जाता जाता फाइल बंद करत नाही! मी एक्सेप्टमध्ये, म्हणजे एरर पकडणाऱ्या भागात, ती खराब फाइल डिलीट करायला गेलो तर विंडोज म्हणतं एरर ३२, दुसरी प्रोसेस वापरतेय. दुसरी कुठली, मीच तर आहे. लिनक्सवर हाच कोड मुकाट चालतो म्हणून इतके दिवस कोणाच्या लक्षात आलं नसेल.

मी ट्राय-एक्सेप्ट घालून क्लोज केलं आणि पाठवलं. आता रिव्ह्यूवर दोन शेरे आलेत: एक, “हे सगळ्या केसमध्ये बंद करणं बरोबर नाही”, आणि दोन, “तुमची टेस्ट फिक्सशिवायही पास होतेय.” दुसरं तर मला अजिबात कळेना.

छप्पन_भुक्कड
भिया, विथ लाव ना. इतका काय विचार करतोस.

रामबागकर
विथ काम संपलं की फाइल आपोआप बंद करतं खरं, पण इथे उपयोग नाही रे. विथ कधी कामाला लागतं, ऑब्जेक्ट हातात आल्यावर. कन्स्ट्रक्टरच मध्येच पडला तर ऑब्जेक्ट मिळतच नाही, मग विथ बंद काय करणार? वापरणाऱ्याच्या हातात क्लोज म्हणायला काही नसतंच, म्हणून तर हे लायब्ररीत दुरुस्त व्हायला हवं, माझ्या स्क्रिप्टमध्ये नाही.

सेमीकोलन_ताई
पहिला शेरा आधी घेऊ, तो सोपा आहे. तुझं मॉड्यूल फाइलचं नाव घेतं तसंच आधीच उघडलेली फाइलही घेत असणार, लायब्ररीतली बरीच मॉड्यूल्स दोन्ही घेतात. नाव दिलं तर फाइल मॉड्यूलने उघडली, बंद करायची जबाबदारी त्याची. पण मी उघडलेली फाइल तुला दिली आणि तू ती माझ्या परस्पर बंद केलीस, तर मी पुढे सीक करून (परत सुरुवातीला जाऊन) दुसऱ्या फॉरमॅटने वाचून बघणार होते ते गेलं ना. वेव्ह मॉड्यूलचा सोर्स उघडून बघ, त्यात या कामासाठी चक्क ‘आय ओपन्ड द फाइल’ नावाचं व्हेरिएबल आहे, झिपफाइलमध्ये ‘फाइल पास्ड’, टारफाइलमध्ये ‘एक्स्टर्नल फाइलऑब्जेक्ट’ या अर्थाचं. तिघांनी तीन नावं ठेवलीत पण प्रश्न एकच, फाइल कोणाची. तुझ्या मॉड्यूलमध्ये असा फ्लॅग आहे का बघ, नसेल तर घाल, आणि एररच्या वाटेवर फक्त स्वतः उघडलेली फाइल बंद कर.

आता टेस्ट. तू असर्ट-रेझेस (अपेक्षित एरर येते का ते तपासणारं) वापरलंस आणि त्याच्या खाली फाइल डिलीट करून बघितलीस, बरोबर?

रामबागकर
हो ताई, अगदी तसंच. विंडोजच्या सीआयवर (पॅच पाठवला की आपोआप टेस्ट चालवणारी यंत्रणा) पण हिरवं आलं.

सेमीकोलन_ताई
मग येणारच. नीट बघ काय होतं ते. एक्सेप्शनला ट्रेसबॅक (एरर कुठून कुठे आली त्याची नोंद) चिकटलेला असतो, ट्रेसबॅकला फ्रेम (चालू फंक्शनची नोंद), फ्रेममध्ये लोकल व्हेरिएबल्स, आणि त्यात तुझं अर्धवट बनलेलं सेल्फ, ज्याच्या पोटात उघडी फाइल. जोपर्यंत ट्रेसबॅक जिवंत तोपर्यंत फाइल जिवंत. म्हणून तुझ्या स्क्रिप्टमध्ये एक्सेप्टच्या आत डिलीट करायला गेलास तेव्हा एरर ३२ आली, तोच डिलीट एक्सेप्टच्या बाहेर, खालच्या ओळीवर असता तर बहुतेक चालून गेला असता, कारण तोवर ट्रेसबॅक सुटलेला, रेफरन्स काउंट (ऑब्जेक्टला धरून असलेल्यांची संख्या) शून्य, आणि सीपायथन (आपण नेहमी वापरतो तो पायथन) फाइल तिथल्या तिथे बंद करून टाकतो.

आणि युनिटटेस्टचं असर्ट-रेझेस बाहेर पडताना ट्रेसबॅकमधल्या फ्रेम्स स्वतःच साफ करतं. चांगल्यासाठीच करतं, नाहीतर टेस्टमध्ये ऑब्जेक्ट लोंबकळत राहतील. पण तुझा बगच लोंबकळण्याचा असल्यामुळे तो टेस्टला दिसायच्या आधीच झाकला जातो. त्यामुळे साधं ट्राय-एक्सेप्ट लिहून एक्सेप्टच्या आतच फाइल डिलीट कर, नाहीतर सीपायथनच्या टेस्ट सपोर्टमध्ये रिसोर्स वॉर्निंग येत नाही ना हे तपासणारा हेल्पर आहे तो वापर, तो लिनक्सवरही पकडेल. उघडी फाइल कोणी बंद न करता वाऱ्यावर सोडली की पायथन ३.२ पासून रिसोर्स वॉर्निंग येते, फक्त ती साधारणपणे दाबलेली असते, डॅश एक्स डेव्ह लावलं की दिसते. आणि पायपायवर (पायथन चालवणारा दुसरा प्रोग्रॅम) तर रेफरन्स काउंटिंगच नाही, तिथे फाइल कधी बंद होईल ते कचरा गोळा करणाऱ्याच्या मर्जीवर.

फिक्स काढून टेस्ट फेल होते का हे आधी बघायचं. रिव्ह्यू करताना मी तर पहिलं तेच बघते.

जुना_राजवाडा
ताईंनी छान सांगितलं. लिनक्सवर का दिसत नाही त्यावर थोडं. युनिक्समध्ये डिलीट म्हणजे डिरेक्टरीतलं नाव काढणं. आतला मजकूर शेवटचा वापरणारा सोडेपर्यंत तसाच राहतो. नाव गेलं, फाइल आहे. आम्ही ऑफिसात लॉग फाइल उडवायचो आणि डिस्क रिकामी होतच नसे, कारण सर्व्हरने ती धरून ठेवलेली. विंडोजमध्ये फाइल उघडतानाच सांगावं लागतं की मी वापरत असताना दुसऱ्याने डिलीट केली तर चालेल. पायथनचं ओपन तसं सांगत नाही. म्हणून फाइल हँडलिंगचा कुठलाही पॅच विंडोजवर चालवून बघितल्याशिवाय झाला म्हणू नये. अनेक तरुण मंडळींकडे विंडोज मशीनच नसतं हल्ली, हा वेगळा विषय.

सुपरकॉरिडॉर_ते_सुदामानगर
त्याच नादात आठवलं, नेम्ड टेंपररी फाइल विंडोजवर दुसऱ्यांदा उघडताच येत नव्हती, लोक किती वर्षं डिलीट इक्वल्स फॉल्स करून नंतर हाताने उडवत होते. ३.१२ मध्ये डिलीट-ऑन-क्लोज नावाचं पॅरामीटर आलं तेव्हा सुटलं ते. पण @रामबागकर, मुळात एक्सेप्शन का आलं होतं ते सांगितलंच नाहीस तू. यादीत काय खराब होतं?

रामबागकर
हां ते राहिलंच. खराब काहीच नव्हतं! यादी मराठीत, यूटीएफ-८ मध्ये (सगळ्या लिपी बाइटमध्ये लिहायची एक पद्धत, म्हणजे एनकोडिंग) सेव्ह केलेली. एरर होती ‘चारमॅप कोडेक कान्ट डीकोड बाइट ८१’. गंमत म्हणजे आधी नमुन्याला दहा-बारा नावांची यादी दिली होती ती बिनतक्रार वाचली, मग पूर्ण यादी दिली तर पडलं. मला वाटलं मोठ्या फाइलचा काहीतरी लोचा आहे.

सेमीकोलन_ताई
त्या लहान यादीत कुलकर्णी नव्हते का कोणी?

रामबागकर
अं? थांबा बघतो.
नव्हते! होळकर, पवार, जोशी, मराठे असे होते. तुम्हाला कसं कळलं?

सेमीकोलन_ताई
बसा आता, हे जरा लांबेल.

तुझ्या मॉड्यूलने फाइल उघडताना एनकोडिंग सांगितलेलं नाही, म्हणून पायथनने विंडोजला विचारलं, आणि आपल्याकडे इंग्लिश-इंडिया सेटिंग असलेल्या विंडोजवर उत्तर येतं सीपी-१२५२, म्हणजे पश्चिम युरोपच्या लिपीचा तक्ता. त्यात एकेक बाइट म्हणजे एकेक अक्षर. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, (आकडे हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पद्धतीत सांगतेय) पहिला नेहमी ई-०, दुसरा ए-४ किंवा ए-५, तिसरा बदलता. सीपी-१२५२ ला हे कळत नाही, तो तीन वेगवेगळी युरोपियन अक्षरं वाचतो. पण त्या तक्त्यात पाच घरं रिकामी आहेत: ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. बाइट त्या घरावर पडला तरच पायथन ओरडतो, नाहीतर मुकाट वाचून घेतो.

आता ऱ्हस्व उकाराच्या मात्रेचा शेवटचा बाइट ८१. हलंत, म्हणजे जोडाक्षर करणारं चिन्ह, ८डी. ए हे अक्षर ८एफ, ऐ ९०, झ ९डी. म्हणून कुलकर्णी आला की ‘कु’ वरच धडपडतो. एकनाथ, झंवर यांचंही तेच. ग्वाल्हेर आणि उज्जैन जोडाक्षरामुळे पडतात, पुणे उकारामुळे. पण इंदूर, देवास, धार, महू, बडोदा काही न बोलता वाचले जातात! होळकर, शिंदे, गायकवाड, पवार, सगळे संस्थानिक शांतपणे बिघडतात आणि कुलकर्णी एकटा बोंबलतो.

छप्पन_भुक्कड
😂😂 कुलकर्णी म्हणजे आमचा सोसायटीचा सेक्रेटरी. पण ताई, इंदूर दीर्घ लिहिलं म्हणून वाचलं की काय?

सेमीकोलन_ताई
हो, दीर्घ ऊकाराचा बाइट ८२, ते घर भरलेलं आहे. ‘इंदुर’ असं ऱ्हस्व लिहिलं असतं तर पडलं असतं.

सुपरकॉरिडॉर_ते_सुदामानगर
पण मुकाट वाचलं तर बिघडलं कुठे? चुकीचं वाचलं आणि त्याच सीपी-१२५२ मध्ये परत लिहिलं तर बाइट तेच बाहेर पडणार ना, फाइल जशीच्या तशी. मी असे प्रोग्रॅम वर्षानुवर्षं चालताना बघितलेत.

सेमीकोलन_ताई
चालतात, जोपर्यंत मध्ये कोणी स्ट्रिंगला हात लावत नाही. बघ गंमत. ठ चा शेवटचा बाइट ए-०, आणि सीपी-१२५२ मध्ये ए-० म्हणजे न तुटणारी स्पेस. पायथनचं स्ट्रिप (टोकांच्या स्पेस काढणारं) तिला स्पेसच मानतं. म्हणजे ‘नीलकंठ’ वाचून स्ट्रिप केलं, जे आपण प्रत्येक ओळीवर डोळे मिटून करतो, की ठ चा एक बाइट गळला, परत लिहिलं की फाइल यूटीएफ-८ म्हणून मोडकी. नुसतं स्प्लिट (स्पेसवर तोडणं) केलं तर ‘मराठे’ मधोमध तुटून दोन शब्द होतात. अप्पर केलं, आता देवनागरीत कुठे कॅपिटल असतात, पण ई-० म्हणजे तिथे डोक्यावर तिरकी रेघ असलेला लहान ए, त्याचं कॅपिटल सी-०, म्हणजे प्रत्येक अक्षराचा पहिलाच बाइट बदलला, सगळी यादी गेली. आणि लांबी मोजलीस तर तिप्पट.

शिवाय टेक्स्ट फाइल साधारण ८१९२ बाइटच्या तुकड्यांनी डीकोड होते. ओळीओळीने वाचणारी स्क्रिप्ट असेल आणि पहिला कुलकर्णी तिसऱ्या तुकड्यात असेल तर तोवरच्या शेकडो ओळींवर काम होऊन डेटाबेसमध्ये चुकीची नावं गेलेलीही असतात, मग एरर येते. म्हणून मी म्हणते रामबागकर, तुझ्याकडे एक बग नाही, दोन आहेत. एरर आली आणि फाइल उघडी राहिली हा लहान. एरर न येता पवार बिघडले हा मोठा, आणि त्याबद्दल तू पॅचमध्ये अवाक्षर काढलेलं नाहीस.

रामबागकर
बाप रे. नमुना यादी मी बघून ‘चालतंय’ असं वाचनालयवाल्यांना कळवून बसलो होतो. बरं मग मॉड्यूलमध्येच ओपनला एनकोडिंग यूटीएफ-८ देऊन टाकतो, एका ओळीचं तर काम आहे.

जुना_राजवाडा
नको. इथेच नवीन लोक अडकतात. ज्याची जुनी फाइल खरोखर सीपी-१२५२ मध्ये आहे, जर्मनी-फ्रान्समध्ये असे ढीगभर लोक असतील, त्याचा प्रोग्रॅम उद्या नवीन आवृत्ती टाकताच पडेल. तुमच्यासाठी दुरुस्ती, त्याच्यासाठी तोडफोड. म्हणून पायथनवाल्यांनी हे फार हळू केलं आहे. २०१८ च्या ३.७ मध्ये पेप ५४० ने (पेप म्हणजे पायथनमधल्या बदलाचा प्रस्ताव) यूटीएफ-८ मोड आणला, ज्याला हवा त्याने चालू करावा. २०२१ च्या ३.१० मध्ये पेप ५९७ ने एनकोडिंग वॉर्निंग आणली, तीही मागितली तरच. मग पेप ६८६, की ३.१५ पासून यूटीएफ-८ हाच डिफॉल्ट. शेवटचे दोन्ही इनादा नाओकी यांचे. जपानी माणूस, विंडोजवरचं जपानी सीपी-९३२ भोगलेलं असणार, म्हणून चिकाटी.

छप्पन_भुक्कड
म्हणजे एका डिफॉल्टसाठी इतकी वर्षं. तोवर आपल्या पवारांनी काय करायचं काका?

जुना_राजवाडा
पायथन-यूटीएफ-८ (PYTHONUTF8) हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ करायचं, म्हणजे तो यूटीएफ-८ मोड चालू. वाचनालयाच्या मशीनवर आजच होईल.

उकार_वेलांटी
मी काकांशी पूर्ण सहमत नाही. ‘हळू करणं बरं’ याच्या नावाखाली लायब्ररीवाले फार काही झाकतात. टारफाइलचं बघा. टार फाइलच्या (अनेक फाइल्सचा एक गठ्ठा) आत दोन टिंब-स्लॅश लावलेलं नाव असलं तर एक्स्ट्रॅक्ट करताना ते तुमच्या फोल्डरच्या बाहेर जाऊन लिहायचं, या त्रुटीचा नोंद क्रमांक सीव्हीई-२००७-४५५९, नंबरातच साल आहे. तेव्हा काय केलं, तर डॉक्युमेंटेशनमध्ये इशारा लिहिला की अनोळखी फाइल उघडू नका. २०२२ मध्ये सिक्युरिटीवाल्यांनी पुन्हा उकरून काढलं, मग पेप ७०६, ३.१२ मध्ये अशी नावं अडवणारे फिल्टर आले, आणि सुरक्षित फिल्टर डिफॉल्ट व्हायला ३.१४ उजाडलं. इशारा कोण वाचतं हो? मी तरी एक्स्ट्रॅक्टऑल लिहिताना कधी ते पान उघडलेलं नाही.

जुना_राजवाडा
टारफाइलच्या बाबतीत तुमचं बरोबर आहे, तिथे उशीर झाला. पण सिक्युरिटीचा बग आणि डिफॉल्ट बदल यांना एक माप लावू नका. रस्ट भाषेच्या लायब्ररीत जानेवारी २०२२ ला जाहीर झालं की रिमूव्ह-डिर-ऑल (फोल्डर सगळ्यासकट उडवणारं) आधी तपासतं की ही सिमलिंक (दुसऱ्या फोल्डरकडे बोट दाखवणारं नाव) नाही ना, आणि मग आत शिरून उडवतं. या दोन पायऱ्यांच्या मध्ये कोणी फोल्डर काढून तिथे सिमलिंक ठेवली तर भलतंच फोल्डर साफ. त्यांनी १.५८.१ काढून लगेच दुरुस्त केलं, कारण ती दुरुस्ती कोणाचा चालू प्रोग्रॅम मोडत नव्हती. पायथनच्या आरएमट्रीने (त्याच कामाचं फंक्शन) ३.३ मध्येच डिस्क्रिप्टर (उघडलेल्या फोल्डरचा हँडल) धरून चालायची पद्धत घेतली होती, जिथे ऑपरेटिंग सिस्टिम साथ देते तिथे.

छप्पन_भुक्कड
सराफ्याच्या खाऊगल्लीत रिकामी खुर्ची बघून प्लेट आणायला जायचं आणि परत येईपर्यंत दुसराच बसलेला, तसंच झालं की हे.

उकार_वेलांटी
तेच. म्हणून नवी फाइल करताना आधी एक्झिस्ट्स (फाइल आहे का) विचारून मग ओपन करू नका, एक्स मोडने उघडा, असेल तर एरर येते. हेही ३.३ पासून आहे आणि अजून कोणी वापरत नाही.

सेमीकोलन_ताई
धागा भरकटतोय, चांगला भरकटतोय, पण रामबागकरचा पॅच अडकून आहे. भाऊ, असं कर. दोन वेगळे पुल रिक्वेस्ट (पीआर, म्हणजे बदल घ्या अशी विनंती). पहिल्यात फक्त फाइल उघडी राहण्याचं, मालकीचा फ्लॅग, एक्सेप्टच्या आत डिलीट करणारी टेस्ट, आणि एक टेस्ट उलटी पण, की युजरने दिलेली फाइल एररनंतरही उघडीच राहते. एक्सेप्टमध्ये नुसतं एक्सेप्शन पकडू नकोस, कोणी कंट्रोल-सी मारलं तरी फाइल बंद व्हायला हवी, म्हणून बेअर एक्सेप्ट, क्लोज, आणि नुसतं रेझ, म्हणजे मूळ एरर तशीच वर जाईल. न्यूज एंट्री (बदलांच्या यादीतली नोंद) ब्लर्ब या टूलने टाक, त्यात वापरणाऱ्याला काय फरक पडला ते लिही, आत काय केलंस ते नको.

दुसऱ्यात एनकोडिंग नावाचं पॅरामीटर, डिफॉल्ट नन, म्हणजे जुनं वागणं जसंच्या तसं. लॉगिंगच्या फाइलकॉन्फिगला आणि फाइलइनपुटला ३.१० मध्ये असंच दिलं, तो कोड बघून घे, रिव्ह्यूवाल्याला ओळखीचं वाटेल. त्याच्या टेस्टमध्ये मात्र कुलकर्णी आणि नीलकंठ दोन्ही घाल. नुसता कुलकर्णी घातलास तर एरर येण्याची टेस्ट होईल, मुकाट बिघडण्याची होणार नाही.

रामबागकर
ताई, फ्लॅग घालून आणि टेस्ट बदलून ढकललं. फिक्स काढला की विंडोजवर लाल, घातला की हिरवं, आता खरं वाटतंय. एनकोडिंगवाला आज रात्री लिहितो. दोन्ही जुन्या आवृत्त्यांत पण जातील ना? वाचनालयात ३.१३ आहे.

सेमीकोलन_ताई
पहिला जाईल, तो बगफिक्स आहे, ज्या आवृत्त्या अजून बगफिक्स घेतात त्यांना मर्ज करणारा बॅकपोर्टचं (जुन्या आवृत्तीत नेण्याचं) लेबल लावेल आणि बॉट नवीन पीआर उघडेल. सिक्युरिटीपुरत्या उरलेल्या आवृत्त्यांत नाही. दुसरा नवीन पॅरामीटर आहे, तो फक्त मेन शाखेत, म्हणजे पुढच्या आवृत्तीत. वाचनालयासाठी काकांचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलच लाव, आणि त्याआधी डेटाबेसमध्ये गेलेली नावं एकदा काढून बघ. स्ट्रिप-स्प्लिट न झालेली असतील तर सीपी-१२५२ ने एनकोड करून यूटीएफ-८ ने डीकोड केलं की परत मिळतील. त्यात तुटलेली ठ वाली मात्र हाताने.

रामबागकर
मराठे अकरा जण आहेत यादीत. 🙏

छप्पन_भुक्कड
कर भिया कर, मी येतो मदतीला, नाश्ता तुझ्याकडे.